उत्तर मागू नका, कागद मागा : माहिती अधिकाराचा पहिला अर्ज करणाऱ्यांसाठी

डांबरीकरण झालेला रस्ता पहिल्याच पावसात उखडतो. ग्रामपंचायतीच्या विहिरीचं बिल निघतं, विहीर मात्र दिसत नाही. भरतीची निवड यादी लागते आणि गुण कुठेच नसतात. असं काही खटकलं की आपण आधी मोबाइलवर शोधतो, मग कार्यालयात खेटे घालतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘आरटीआय टाक की.’ तो कसा टाकायचा, हे मात्र कुणी नीट सांगत नाही. माझे आणि ओळखीच्यांचे अर्ज, अपिलं आणि सुनावण्या यांतून जे कळलं, ते महाराष्ट्रातल्या नवख्या अर्जदारांसाठी क्रमाने लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या. इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपितांचा कायदा आजही अस्तित्वात आहे. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २२ नुसार दोन्ही कायद्यांत विसंगती असेल तिथे माहिती अधिकारच वरचढ ठरतो. त्यामुळे फाइलवर ‘गोपनीय’ शिक्का आहे, एवढ्यावर माहिती नाकारता येत नाही. आजची लपवाछपवी अशा शिक्क्याने फारशी होतही नाही. माहिती संकेतस्थळावर असते, पण सापडत नाही. सापडली तर वाचता येत नाही, आणि वाचता आली तरी दुसऱ्या माहितीशी जोडता येत नाही.

राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांचंच बघा. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. १४ मार्चला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या आल्या. रोखे कोणी विकत घेतले ते एकीत होतं आणि कोणत्या पक्षाने वटवले ते दुसरीत. दोन्ही याद्या कोट्यवधी लोकांसमोर होत्या, तरी कोणी कोणाला पैसे दिले ते कळत नव्हतं, कारण रोख्याचा क्रमांक दोन्हींत नव्हता. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला क्रमांक आले. त्यानंतर एक्सेल येणाऱ्या कोणालाही देणारा आणि घेणारा यांची जोडी लावता येऊ लागली. तुमचा विषय गल्लीतल्या गटाराचा असला तरी हाच क्रमांक मागायचा आहे. शासनाच्या प्रत्येक कागदाला नाव असतं, तारीख असते आणि क्रमांक असतो. अर्जाचं यश बरंचसं त्यावरच ठरतं.

१. अर्जाआधी संकेतस्थळं चाळा

कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता १७ बाबी जाहीर करायच्या असतात : अधिकाऱ्यांची कर्तव्यं, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी, जन माहिती अधिकाऱ्याचं (म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव वगैरे. पुष्कळ ठिकाणी ही माहिती शिळी असते, पण विभागांची रचना आणि पदनामं समजायला उपयोगी पडते.

शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मिळतात. इथे एक अडचण येते. जुने जीआर युनिकोडमध्ये नाहीत, कुठल्या तरी जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. आतला शब्द टाकून शोधलंत तर काही हाती लागत नाही. विभाग आणि तारखेने शोधा. प्रत्येक जीआरवर संकेताक असतो, तो मिळाला तर उत्तमच. निविदा महाटेंडर्सवर, ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराजवर आणि रोजगार हमीचे मस्टर मनरेगाच्या संकेतस्थळावर दिसतात.

कामाचं काही सापडलं की लगेच उतरवून घ्या. पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि शक्य असेल तर ते पान इंटरनेट अर्काइव्ह या पानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावरही साठवा. संकेतस्थळाचं नूतनीकरण झालं की जुन्या फाइल्स गायब होतात.

२. कागद कोणाच्या कपाटात आहे ते ठरवा

रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की जिल्हा परिषदेचा? हे नक्की करण्यात गेलेला एक दिवस पुढचा महिना वाचवतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. ‘आमच्याशी संबंधित नाही’ म्हणून परत पाठवणं कायद्यात बसत नाही. तरीही पत्ता आपणच बरोबर शोधलेला बरा.

नवख्यांची हमखास गफलत होते ती पोर्टलमध्ये. केंद्राचं आरटीआय पोर्टल रेल्वे, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँका अशा केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. राज्याच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्र शासनाचं वेगळं आरटीआय ऑनलाइन पोर्टल आहे. राज्याचा विषय केंद्राच्या पोर्टलवर टाकला तर अर्ज परत येतो. राज्याच्या पोर्टलवरच्या यादीत तुमचं कार्यालय नसेल, तर सरळ कागदावर अर्ज करा. ग्रामपंचायतीच्या बाबतीत बहुधा तेच करावं लागतं.

३. कागदाचं नाव शोधा

‘रस्ता खराब का झाला? दोषी कोण? कारवाई केव्हा करणार?’ हे प्रश्न रास्त आहेत, पण माहिती अधिकारात त्यांना उत्तर मिळत नाही. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख. जन माहिती अधिकाऱ्याने नव्याने माहिती तयार करणं, निष्कर्ष काढणं किंवा खुलासा देणं अपेक्षित नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच निकालाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही दिला. म्हणजे ‘मला कमी गुण का दिले?’ याला उत्तर नाही, पण ‘माझी उत्तरपत्रिका द्या’ याला आहे.

म्हणून प्रत्येक ‘का’च्या मागे कोणता कागद असेल याचा विचार करा. बांधकामाची फाइल साधारण अशी चालते : प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदा, करारनामा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, देयक, काम पूर्ण झाल्याचा दाखला. यात सगळ्यात बोलका कागद मोजमाप पुस्तिकेचा. कार्यालयात तिला ‘एमबी’ म्हणतात. जागेवर मोजलेली लांबी, रुंदी आणि जाडी अभियंता तिच्यात लिहितो आणि त्याच आकड्यांवरून बिल निघतं. तिच्यात थराची जाडी ५० मिलिमीटर लिहिली असेल आणि उखडलेल्या कडेला पट्टी लावून ती २० भरत असेल, तर तुम्हाला ‘का’ विचारायची गरजच उरत नाही. करारनाम्यातला दोष दायित्व कालावधीही पाहा. त्या मुदतीत रस्ता खराब झाला, तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते.

निर्णय कसा झाला हे जाणून घ्यायचं असेल तर नस्तीतली (म्हणजे फाइलमधली) टिपणी मागा. कारकुनापासून वरिष्ठांपर्यंत कोणी काय शेरा मारला आणि कोणाच्या सहीने प्रस्ताव फिरला, ते तिथे ओळीने असतं. तक्रार केली होती आणि तिचं काय झालं ते कळत नसेल, तर तिचा आवक क्रमांक देऊन त्यावरची टिपणी आणि कार्यविवरण नोंदवहीतलं (आलेल्या पत्रांवर काय केलं याच्या नोंदवहीतलं) पान मागा.

४. अर्ज लिहा

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जासाठी ‘जोडपत्र अ’ हा नमुना आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर एका अर्जात एकच विषय आणि माहितीची मागणी १५० शब्दांत, अशी मर्यादा आहे. रस्ता, पाणी आणि अतिक्रमण एकाच अर्जात कोंबू नका, तीन अर्ज करा. अर्ज मराठीत चालतो आणि माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) मध्ये तसं लिहिलेलंच आहे. कोणी तोंडी विचारलं तर नम्रपणे त्याच कलमाचा उल्लेख करा.

मागणी अशी लिहिता येईल :

‘विषय : प्रभाग क्र. __ मधील __ चौक ते __ शाळा या रस्त्याचे डांबरीकरण. कालावधी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. वरील कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : (१) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश, (२) अंदाजपत्रक, (३) कार्यारंभ आदेश आणि करारनाम्यातील दोष दायित्व कालावधीची अट, (४) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदी, (५) साहित्य चाचणी अहवाल, (६) अदा केलेली सर्व देयके. तसेच या कामाच्या संपूर्ण नस्तीचे अवलोकन करावयाचे असल्याने तारीख व वेळ कळवावी.’

यात आरोप नाही, राग नाही, प्रश्नचिन्हही नाही. राग खरा असतो हे मला माहीत आहे, पण तो तक्रार अर्जात लिहा, इथे नको. ‘सर्व माहिती द्यावी’, ‘इत्यादी’, ‘आजपर्यंतची’ हे शब्दही टाळा. अधिकाऱ्याला पळवाट त्यातूनच मिळते.

माहिती संगणकावर असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागण्याचा हक्क आहे. लाभार्थ्यांची हजार नावांची यादी छापील घेऊन काय करणार? ‘मूळ एक्सेल फाइल ईमेलने द्यावी’ असं लिहा आणि त्या यादीत प्रत्येक नोंदीचा क्रमांक असावा, हेही स्पष्ट लिहा.

अर्ज नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करा. संस्थेच्या लेटरहेडवर केलेला अर्ज ‘हा अधिकार फक्त नागरिकांना आहे’ म्हणून फेटाळला जाऊ शकतो.

५. फी भरा, पोच घ्या

सोबत हे ठेवा :

- जोडपत्र अ मधील अर्जाच्या दोन प्रती, एक त्यांना आणि एक पोच घ्यायला
- १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प
- दारिद्र्यरेषेखालील असाल तर त्याचा पुरावा, मग फी लागत नाही
- ओळखपत्राची प्रत
- आधी केलेल्या तक्रारीची किंवा पत्रव्यवहाराची प्रत, असेल तर

कोर्ट फी स्टॅम्प राज्याच्या कार्यालयांत चालतो, केंद्राच्या नाही. केंद्रासाठी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर काढा किंवा ऑनलाइन भरा. उलटही लक्षात ठेवा : राज्याच्या नियमांत रोख, कोर्ट फी स्टॅम्प, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक आणि मनीऑर्डर आहे, पोस्टल ऑर्डरचं नाव नाही.

हातोहात दिलात तर आवक-जावक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाहीतर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवा. ऑनलाइन अर्जाचा नोंदणी क्रमांक जपा. पैसे कापले गेले आणि क्रमांक आला नाही असं होतं. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, आधी पोर्टलवर व्यवहाराची स्थिती तपासा.

६. तीस दिवस

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. जीविताचा किंवा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मधे बहुधा शुल्काचं पत्र येतं : इतकी पानं, पानाला २ रुपये, एकूण इतके भरा. ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा. मुदत उलटून गेल्यावर शुल्क मागितलं तर कलम ७(६) दाखवा. उशीर झाला की माहिती मोफत द्यावी लागते.

७. नकाराचं पत्र कसं वाचायचं

इथे पुष्कळ जण हार मानतात. बहुतेक नकार ठरावीक वाक्यांत येतात, आणि त्यांना उत्तरंही ठरलेली आहेत.

*‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे, कलम ७(९) नुसार देता येत नाही.’* हे कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याबद्दल आहे, नाकारण्याबद्दल नाही. प्रती देणं अवघड असेल तर अवलोकन द्या, असं अपिलात म्हणा.

*‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे.’* नेमक्या पानाचा पत्ता आणि फाइलचं नाव मागा. तिथे तुमचा कागद नसेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट अपिलाला जोडा.

*‘त्रयस्थ पक्षाची माहिती आहे.’* कलम ११ नुसार अधिकाऱ्याने त्या व्यक्तीला किंवा कंपनीला नोटीस देऊन म्हणणं मागवायचं असतं आणि ४० दिवसांत निर्णय स्वतः घ्यायचा असतो. ठेकेदार ‘देऊ नका’ म्हणाला, एवढंच नकाराला पुरत नाही.

*‘नस्ती आढळून येत नाही.’* माहिती नाकारण्याची कारणं कलम ८ मध्ये दिली आहेत, त्यांत हे कारण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमात अभिलेख बेकायदा नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी, अशी लेखी मागणी करा. नियमानुसार नष्ट केल्याचं सांगितलं, तर नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीतलं ते पान मागा. अभिलेख अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवतात. ‘अ’ कायम जपायचे असतात, त्यामुळे कागद कोणत्या वर्गातला होता तेही विचारा.

*‘वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(ञ).’* कार्यालयात याला ‘आठ एक जे’ म्हणतात. सध्या सगळ्यात अवघड नकार हाच आहे. पूर्वी या कलमात सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण घाला घालणारी माहितीच वगळलेली होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ने ती अट काढून टाकली. ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि आता ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित’ एवढं म्हटलं तरी दार बंद करता येतं. लाभार्थ्यांची यादी, अधिकाऱ्याची सही असलेला आदेश, ठेकेदाराचं नाव, या सगळ्यांत कुठे ना कुठे व्यक्ती असतेच. मला हा बदल घातक वाटतो, कारण भ्रष्टाचार शेवटी नावानिशीच उघड होतो. पण कलम ८(२) शाबूत आहे : जाहीर करण्यातलं लोकहित होणाऱ्या हानीपेक्षा मोठं असेल, तर सवलतीत (म्हणजे न देण्याची मुभा असलेल्या प्रकारांत) बसणारी माहितीही देता येते. म्हणून अशा अर्जात एक वाक्य आधीच घाला : ‘ही माहिती सार्वजनिक निधीच्या खर्चाशी संबंधित असून कलम ८(२) नुसार व्यापक लोकहितासाठी द्यावी. वैयक्तिक भाग असल्यास कलम १० नुसार तेवढा झाकून उर्वरित माहिती द्यावी.’ कलम १० फार थोडे लोक वापरतात. आधार क्रमांक काळा करून बाकीचं पान देता येतं, अख्खं पान रोखायची गरज नसते.

देशाची सुरक्षा, सुरू असलेला तपास, एखाद्याच्या जिवाला धोका, या कारणांसाठीच्या सवलती मला योग्यच वाटतात. खबऱ्याचं नाव कोणी मागू नये. मात्र तपासाच्या बाबतीत ‘तपास सुरू आहे’ एवढं पुरत नाही. माहितीमुळे तपासात अडथळा कसा येईल, ते अधिकाऱ्याने दाखवायचं असतं. आणि २० वर्षांहून जुन्या घटनेची माहिती मागत असाल, तर कलम ८(३) मुळे बहुतेक सवलती गळून पडतात.

८. शक्य तिथे फाइल स्वतः पाहा

प्रतींपेक्षा अवलोकन जास्त उपयोगी, असं माझं मत आहे. कोणता कागद महत्त्वाचा ते फाइल समोर आल्यावरच कळतं. पहिला तास मोफत असतो, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. हे अनेक टेबलांवर माहीत नसतं, म्हणून जीआरची प्रत सोबत न्या.

जाताना एक जोडीदार न्या. एकाने पानं उलटायची, दुसऱ्याने पान क्रमांक आणि तारखा टिपायच्या. पानांना क्रमांक नसतील तर तेही लिहून घ्या. मोबाइलने फोटो काढू देत नसतील तर वाद घालू नका, हव्या त्या पानांची यादी देऊन प्रती मागा. निघताना काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही, याची नोंद करून दोघांच्या सह्या असलेली प्रत कार्यालयात द्या.

९. अपील

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत प्रथम अपील करा. जोडपत्र ब आणि २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं आणि ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. कोणत्या मुद्द्याची माहिती मिळाली आणि कोणत्याची नाही, एवढंच मुद्देवार लिहा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील, जोडपत्र क. इथे एक फरक नीट समजून घ्या. कलम १८ खाली ‘तक्रार’ केली तर आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात हे ठरवलं. माहिती हवी असेल तर कलम १९ खाली अपीलच करा. दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००.

आयोगात तारीख लागायला फार वेळ जातो. तोवर हातावर हात ठेवून बसू नका. पहिल्या अर्जातून कळलेल्या क्रमांकांवरून दुसरा, अधिक नेमका अर्ज करा. एमबीचं पान एका कार्यालयाने दिलं नाही, तर त्याच कामाचं देयक लेखा विभागाकडे असतं आणि कधी लेखापरीक्षणाच्या आक्षेपातही तेच आकडे सापडतात.

१०. मिळालेली माहिती लोकांसमोर ठेवताना

आधी सुरक्षिततेचं. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. वाळू, जमीन, मोठे ठेके असे विषय असतील तर एकट्याने अर्ज करू नका. एकच मागणी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या गावांतून करा. कागद हाती आले की प्रती लगेच दोन-तीन ठिकाणी ठेवा. माहिती फक्त तुमच्याकडे आहे तोवरच तुम्हाला धमकावण्यात कोणाचा तरी फायदा असतो.

मग प्रसिद्धी. समाजमाध्यमावर टाकण्याआधी मोबाइल क्रमांक, घरचे पत्ते, आधार, बँक खाती आणि सह्या झाका. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढू नका, पुष्कळदा तिच्या खालचा मजकूर कॉपी होतो. पान छापा, पेनाने काळं करा आणि पुन्हा स्कॅन करा. अर्ज, उत्तर आणि जोडलेली पानं सगळी एकत्र द्या. एकच सोयीचं पान व्हायरल केलंत तर समोरच्याला ‘अर्धवट माहिती’ म्हणायला जागा मिळते. फाइलचं नाव कार्यालय, विषय आणि तारीख असं युनिकोड मराठीत ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी त्याच रस्त्याबद्दल शोधणाऱ्याला ती सापडेल आणि त्याला पुन्हा शून्यापासून अर्ज करावा लागणार नाही.